पैसा कोणाचा, आवाज कोणाचा?

[लोकशाहीत प्रत्येक मताची किंमत सारखी असते. पण मत मागण्यासाठी प्रचार करावा लागतो आणि प्रचाराला पैसा लागतो. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी हा पैसा कोठून येतो, तो कोठे जातो आणि वृत्तपत्रे, रेडिओ, दूरचित्रवाणी यांचा त्याच्याशी काय संबंध आहे, याची माहिती या पाठात दिली आहे.]

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वर्गात वर्गप्रतिनिधीची निवडणूक होते. वर्गात चाळीस-पन्नास मुले असतात. उमेदवार मधल्या सुट्टीत सर्वांना भेटतो, आपले म्हणणे सांगतो. त्यासाठी त्याला एक पैसाही खर्च करावा लागत नाही. मुलेही त्याला रोज पाहत असतात. तो खरे बोलतो की खोटे, हे त्यांना ठाऊक असते.

आता अमेरिकेचा विचार करा. २०२४ साली तेथे पंधरा कोटींहून अधिक लोकांनी मतदान केले. उमेदवाराने रोज एक हजार मतदारांना भेटायचे ठरवले, तर सर्वांना भेटायला त्याला चारशे वर्षांहून अधिक काळ लागेल! म्हणजे बहुतेक मतदार उमेदवाराला प्रत्यक्ष कधीच भेटत नाहीत. ते त्याला वृत्तपत्रात वाचतात, रेडिओवर ऐकतात, पडद्यावर पाहतात. उमेदवार आणि मतदार यांच्यामध्ये अशा रीतीने दोन गोष्टी येऊन उभ्या राहतात. एक पैसा आणि दुसरी प्रसारमाध्यमे.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्या देशात राष्ट्रपतींची निवड संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य करतात. त्यामुळे त्या पदासाठी गावोगाव सभा होत नाहीत. अमेरिकेत मात्र राष्ट्राध्यक्ष हाच सरकारचा प्रमुख असतो आणि त्याच्यासाठी सामान्य नागरिक दर चार वर्षांनी नोव्हेंबर महिन्यात मतदान करतात. म्हणून तेथे त्या पदासाठी देशभर प्रचार होतो.

आगगाडी आणि ओसरी

शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची, १८९६ सालची निवडणूक पाहा. विल्यम जेनिंग्ज ब्रायन आणि विल्यम मॅकिन्ली हे दोन उमेदवार होते. ब्रायन हे नामांकित वक्ते होते. त्यांच्याजवळ पैसा कमी होता. ते आगगाडीने सुमारे अठरा हजार मैल फिरले आणि त्यांनी सुमारे सहाशे भाषणे केली. मॅकिन्ली मात्र कँटन या आपल्या गावीच राहिले. लोकच आगगाडीने त्यांच्या घरी येत आणि ते घराच्या ओसरीवरून भाषण करीत.

मग घरी बसून मॅकिन्ली यांचा प्रचार झाला कसा? त्यांचे सहकारी मार्क हॅना यांनी मोठमोठ्या कंपन्यांकडून व बँकांकडून पैसा गोळा केला. बँकांनी आपल्या भांडवलाच्या शेकडा पाव रक्कम द्यावी, असा हिशेबच त्यांनी मांडला होता. अशा रीतीने कमीत कमी ३५ लाख डॉलर जमले. त्यातून कोट्यवधी पत्रके छापून घरोघर वाटली गेली. मॅकिन्ली निवडून आले. केवळ पैशामुळेच आले, असे म्हणता येणार नाही. पण पैशाने काय साधते, हे साऱ्यांच्या लक्षात आले.

लोकांच्या मनात मात्र एक शंका राहिली. मराठीत म्हण आहे, 'ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी.' ज्या कंपनीने निवडणुकीत लाखो डॉलर दिले, तिच्याविरुद्ध निर्णय घेताना राष्ट्राध्यक्षाचा हात अडखळणार नाही काय? ही शंका वाढत गेली. शेवटी १९०७ साली कायदा झाला आणि कंपन्यांनी उमेदवारांना देणग्या देण्यास बंदी झाली. पण या कायद्याची अंमलबजावणी करणारे स्वतंत्र कार्यालयच नव्हते. पहारेकरी नसलेल्या दरवाजासारखी त्याची अवस्था होती.

रेडिओ आला, पडदा आला

२ नोव्हेंबर १९२० रोजी पिट्सबर्ग शहरातील केडीकेए या केंद्रावरून निवडणुकीचे निकाल रेडिओवर सांगण्यात आले. पुढे दूरचित्रवाणी आली. उमेदवाराचा आवाज आणि चेहरा घराघरात पोचू लागला. पण या नव्या साधनांवर वेळ विकत घ्यावा लागत असे. त्यामुळे प्रचाराचा खर्च झपाट्याने वाढला.

१९५२ सालची गोष्ट मोठी बोलकी आहे. रिचर्ड निक्सन हे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते. त्यांच्या श्रीमंत पाठीराख्यांनी त्यांच्यासाठी सुमारे १८ हजार डॉलरचा एक निधी जमवला होता. वृत्तपत्रांनी ही बातमी छापली आणि गदारोळ उठला. निक्सन यांनी उमेदवारी सोडावी, अशी मागणी होऊ लागली. तेव्हा २३ सप्टेंबर रोजी निक्सन दूरचित्रवाणीवर आले. त्यांनी आपले घर, कर्ज आणि मिळकत यांचा हिशेब लोकांना सांगितला. आपल्या मुलींना एक कुत्रा भेट मिळाला आहे आणि तो मात्र आपण परत करणार नाही, असेही ते म्हणाले. लोकांची मने विरघळली. त्यांच्या बाजूने पत्रांचा आणि तारांचा पाऊस पडला. त्यांची उमेदवारी टिकली.

आता गंमत पाहा. त्या अर्ध्या तासासाठी पक्षाने ७५ हजार डॉलर मोजले होते. १८ हजारांचा खुलासा करायला चौपटीहून अधिक रक्कम लागली! ज्याच्या पाठीशी एवढा पैसा नाही, त्याने आपली बाजू कोठे मांडायची?

सर्व उमेदवारांना सारखी संधी मिळावी, म्हणून १९३४ च्या कायद्यात एक नियम होता. एखाद्या केंद्राने एका उमेदवाराला वेळ दिला, तर त्याच अटींवर इतर उमेदवारांनाही तो दिला पाहिजे. पण अटी सारख्या असल्या, तरी किंमत देण्याची ऐपत सारखी नसते.

यावर एक चांगला उपाय १९६० साली दिसला. जॉन केनेडी आणि निक्सन हे दोन उमेदवार २६ सप्टेंबर रोजी एकाच मंचावर आले. प्रश्न विचारणारे पत्रकार होते. सुमारे सात कोटी लोकांनी हा वादविवाद पाहिला. येथे कोणालाही वेळ विकत घ्यावा लागला नाही. निक्सन नुकतेच आजारातून उठले होते आणि पडद्यावर थकलेले दिसत होते. केनेडी ताजेतवाने दिसत होते. त्यामुळे लोक मुद्दे ऐकतात की चेहरा पाहतात, हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत विचारला जातो.

एका धनादेशाचा माग

प्रसारमाध्यमांचे खरे काम कोणते, ते १९७२ साली दिसून आले. १७ जून रोजी वॉशिंग्टन शहरातील वॉटरगेट या इमारतीत विरोधी पक्षाच्या कार्यालयात शिरलेले पाच लोक पकडले गेले. ही साधी चोरी आहे, असे पुष्कळांना वाटले. पण 'वॉशिंग्टन पोस्ट' या वृत्तपत्राचे बॉब वुडवर्ड आणि कार्ल बर्नस्टीन हे तरुण बातमीदार पैशाचा माग काढत गेले. १ ऑगस्ट रोजी त्यांनी बातमी दिली, की पकडलेल्यांपैकी एकाच्या बँक खात्यात २५ हजार डॉलरचा धनादेश जमा झाला होता आणि ती रक्कम राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या प्रचारनिधीची होती.

मित्रांनो, इतकी मोठी बातमी छापून आली तरी नोव्हेंबरात निक्सन पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यांत जिंकले. सत्य बाहेर आले म्हणजे ते लगेच सर्वांना पटते, असे नाही. पण चौकशी चालू राहिली. शेवटी ९ ऑगस्ट १९७४ रोजी निक्सन यांना राजीनामा द्यावा लागला.

या धक्क्याने कायदे कडक झाले. १९७४ साली प्रचाराच्या पैशावर देखरेख करण्यासाठी सहा सदस्यांचा एक आयोग नेमण्याचे ठरले. आपल्या निवडणूक आयोगाप्रमाणे तो मतदान घेत नाही. तो फक्त पैशाचा हिशेब पाहतो. एका व्यक्तीने एका उमेदवाराला एका निवडणुकीत एक हजार डॉलरपेक्षा जास्त देऊ नये, अशी मर्यादा घालण्यात आली. तसेच सरकारी निधीची सोय झाली. कर भरताना नागरिकाने अर्जावर एका चौकटीत खूण केली, की त्याच्या करातला एक डॉलर या निधीत जाई. पुढे हा आकडा तीन डॉलर झाला. १९७६ साली जिमी कार्टर आणि जेराल्ड फोर्ड या दोघांनाही या निधीतून सारखेच, म्हणजे सुमारे २ कोटी १८ लाख डॉलर मिळाले. दोघांच्या हाती सारखीच शिदोरी होती.

न्यायालय काय म्हणाले?

याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. न्यायालयाचे म्हणणे असे, की आपले विचार लाखो लोकांपर्यंत पोचवायचे तर पैसा लागतोच. म्हणून खर्चावर मर्यादा घालणे म्हणजे बोलण्यावर मर्यादा घालणे होय. मात्र उमेदवाराच्या हाती मोठी देणगी दिली, तर भ्रष्टाचाराला वाव मिळतो. म्हणून देणगीवरची मर्यादा योग्य आहे.

२०१० साली न्यायालय आणखी पुढे गेले. कंपन्या आणि कामगार संघटना यांनी उमेदवाराला पैसे न देता स्वतंत्रपणे प्रचारावर हवा तेवढा खर्च करावा, असे पाच विरुद्ध चार मतांनी ठरले. यानंतर 'सुपर पॅक' नावाच्या समित्या निघाल्या. त्या कितीही मोठी देणगी घेऊ शकतात. त्यांनी ती उमेदवाराला द्यायची नाही, पण त्याच्या बाजूने जाहिराती करायला हरकत नाही. याआधी २००८ साली बराक ओबामा यांनी मुख्य निवडणुकीसाठी सरकारी निधी नाकारून लोकांकडून अधिक पैसा उभा केला होता. २०१२ पासून दोन्ही मोठ्या पक्षांच्या उमेदवारांनी तो निधी घेतलेला नाही. सारखी शिदोरी संपली.

याचा परिणाम आकड्यांत पाहा. २०२४ च्या निवडणुकीत एक नागरिक उमेदवाराला एका निवडणुकीसाठी जास्तीत जास्त ३३०० डॉलर देऊ शकत होता. पण उद्योगपती इलॉन मस्क यांनी डोनाल्ड ट्रम्प यांच्या बाजूच्या प्रचारासाठी २५ कोटी डॉलरांहून अधिक खर्च केला. एवढी रक्कम जमवायची, तर पंचाहत्तर हजार माणसांनी पूर्ण मर्यादेइतकी देणगी द्यायला हवी. मतपेटीपुढे मस्क यांचे मतही एकच आणि रस्ता झाडणाऱ्या कामगाराचे मतही एकच. पण मतपेटीपर्यंत जाण्याआधी कोणाचा आवाज किती मोठा होतो, हा खरा प्रश्न आहे.

पैसा जिंकतोच का?

नाही. १९९२ साली उद्योगपती रॉस पेरो यांनी स्वतःचे सुमारे सहा कोटी डॉलर खर्च केले. दूरचित्रवाणीवर अर्धा-अर्धा तास विकत घेऊन ते तक्ते दाखवीत देशाच्या कर्जाची माहिती सांगत. त्यांना शेकडा एकोणीसच्या जवळपास मते मिळाली, पण एकही राज्य मिळाले नाही. २०२० साली मायकेल ब्लूमबर्ग यांनी आपल्या पक्षाची उमेदवारी मिळवण्यासाठी सुमारे शंभर कोटी डॉलर ओतले. त्यांनाही एकही राज्य जिंकता आले नाही.

म्हणजे पैशाने मत विकत मिळतेच असे नाही. पैशाने मिळते ती ऐकवण्याची संधी. ज्याच्याजवळ पैसा नाही, तो चांगला असूनही कदाचित ऐकूच येत नाही. तो हरत नाही, तो दिसतच नाही.

बातमी आणि जाहिरात

प्रचाराचा पुष्कळसा पैसा जाहिरातींवर खर्च होतो. म्हणजे तो दूरचित्रवाणी केंद्रांकडे आणि इंटरनेटच्या कंपन्यांकडे जातो. ज्या केंद्राने उमेदवाराची बातमी तटस्थपणे सांगायची, त्याच केंद्राला त्याच उमेदवाराच्या जाहिरातीचे पैसे मिळतात. ही गोष्ट मतदाराने विसरू नये.

शिवाय हा पैसा सगळीकडे सारखा पडत नाही. बहुतेक राज्यांत ज्याला अधिक मते, त्यालाच त्या राज्याचे सर्व प्रतिनिधी मिळतात. म्हणून जेथे चुरस असते, त्या पेनसिल्व्हेनिया, मिशिगन यांसारख्या राज्यांत जाहिरातींचा भडिमार होतो. कॅलिफोर्नियासारख्या मोठ्या राज्यात निकाल आधीच ठरल्यासारखा असतो. तेथे जाहिराती कमी दिसतात.

बातमीलाही मोह असतो. कोण पुढे आणि कोण मागे, हे सांगणे सोपे असते. घोड्यांच्या शर्यतीसारखे ते चुरशीचे वाटते. कोणाची योजना शाळा, दवाखाने आणि रोजगार यांसाठी काय करील, हे सांगायला अभ्यास लागतो. घाईचा परिणाम काय होतो, तेही ऐका. १९४८ साली छपाई कामगारांच्या संपामुळे 'शिकागो डेली ट्रिब्यून' ला आपला अंक लवकर छापावा लागला. पूर्ण मोजणी होण्याआधीच त्याने ड्यूई यांनी ट्रुमन यांचा पराभव केला, असा मोठा मथळा छापला. प्रत्यक्षात ट्रुमन जिंकले! दोन दिवसांनी आगगाडीच्या डब्यातून तोच अंक उंच धरून त्यांनी हसत हसत लोकांना दाखवला. 'उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग' म्हणतात, ते असे.

मतदाराच्या हातातील दिवा

मग मतदाराने काय करावे? अमेरिकेच्या कायद्यात एक चांगली गोष्ट आहे. जो नागरिक उमेदवाराला एकूण दोनशे डॉलरांहून अधिक देतो, त्याचे नाव जाहीर होते. कोणीही ती यादी पाहू शकतो. दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातीत ती कोणाच्या पैशाने झाली, हे सांगावे लागते. उमेदवाराची स्वतःची जाहिरात असेल, तर ती मला मान्य आहे, असे त्याला स्वतःच्या तोंडाने म्हणावे लागते. पण या दिव्याखालीही अंधार आहे. काही संस्था देणगीदारांची नावे न सांगता प्रचारावर खर्च करतात. तेथे पोळी कोणाची, हेच कळत नाही. मग टाळी कोणासाठी वाजते, हे कसे कळणार?

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. आपल्या देशात उमेदवाराच्या खर्चाला कायद्याने मर्यादा आहे. २०१८ साली पक्षांना नाव जाहीर न करता देणगी देण्यासाठी निवडणूक रोखे निघाले होते. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. पक्षाला पैसा कोण देतो, हे जाणण्याचा मतदाराला हक्क आहे, असे न्यायालयाने सांगितले.

मित्रांनो, काही वर्षांनी तुम्हीही मतदार व्हाल. तेव्हा कोणतीही जाहिरात पाहताना दोन प्रश्न विचारा. हे मला दाखवण्यासाठी पैसे कोणी दिले? आणि मला काय दाखवलेले नाही? पैसा मोठा आवाज विकत घेऊ शकतो. पण हे दोन प्रश्न विचारणारा मतदार त्याला विकत घेता येत नाही.

शब्दार्थ

प्रसारमाध्यमे – वृत्तपत्रे, रेडिओ, दूरचित्रवाणी इत्यादी साधने
देणगी – चंदा
भांडवल – धंद्यात घातलेला पैसा, सरमाया
शेकडा पाव – चारशे रुपयांत एक रुपया
ओसरी – घराचा पुढचा उघडा भाग
धनादेश – चेक
मथळा – बातमीचे शीर्षक, सुर्खी
शिदोरी – प्रवासात बरोबर घेतलेले जेवण. येथे अर्थ : हाती असलेला पैसा
तटस्थ – कोणाचीही बाजू न घेणारा, ग़ैर-जानिबदार

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) १८९६ साली मॅकिन्ली कोठून भाषण करीत?
(आ) वॉशिंग्टन पोस्टच्या बातमीदारांनी कशाचा माग काढला?
(इ) १९७६ साली कार्टर व फोर्ड यांना प्रत्येकी किती सरकारी निधी मिळाला?

प्र. २. कारणे द्या.
(अ) १९०७ चा कायदा पहारेकरी नसलेल्या दरवाजासारखा होता.
(आ) कॅलिफोर्नियात प्रचाराच्या जाहिराती कमी दिसतात.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) 'तो हरत नाही, तो दिसतच नाही.' हे वाक्य कोणाबद्दल आहे? का?
(आ) खर्च आणि देणगी यांत न्यायालयाने कोणता फरक केला? तुम्हांला तो पटतो का?

प्र. ४. भाषाभ्यास
(अ) उमेदवार, खर्च, हिशेब, कायदा, रक्कम, नजर हे शब्द उर्दूतही आहेत. त्यांचा उर्दूतील उच्चार आणि मराठीतील उच्चार यांत काय फरक आहे, ते मोठ्याने म्हणून पाहा.
(आ) 'राजीनामा' या शब्दाचा मराठीत अर्थ पद सोडल्याचे पत्र, म्हणजे इस्तीफ़ा. उर्दूत 'राज़ीनामा' म्हणजे समेटाचा कागद. हा फरक लक्षात ठेवून 'राजीनामा' हा शब्द मराठी वाक्यात वापरा.
(इ) पाठातील दोन म्हणी शोधून त्यांचा अर्थ लिहा.

उपक्रम : वर्तमानपत्राचा एक अंक घ्या. त्यातील बातम्या आणि जाहिराती यांनी किती जागा व्यापली आहे, ते मोजून वर्गात सांगा.